टाय रॉडचा एंड बदलताना: जुन्या गाडीच्या स्टीअरिंगचे सांधे

इंदुरातल्या जुन्या वाड्यांच्या बोळांत आणि कॉलन्यांच्या दारांत मारुती ८०० अजून उभी दिसते. कारखान्यातून शेवटची ८०० बाहेर पडली २०१४ मध्ये, म्हणजे त्यांतली सगळ्यात धाकटी गाडीही आता दहा वर्षं ओलांडून गेली आहे. ऑइल, बॅटरी, एसीचा गॅस यांची विचारपूस होते. स्टीअरिंगचे सांधे मात्र खडखडायला लागेपर्यंत कुणाला आठवत नाहीत. माळव्याची काळी माती पावसात फुगते, वैशाखात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ताही तसाच वरखाली होतो. पावसाचं पाणी साचतं ते रस्त्याच्या कडेला, खड्डेही तिथेच पडतात, म्हणून डावीकडचा सांधा बहुधा उजवीकडच्याच्या आधी जातो.

इथे ८०० डोळ्यांपुढे ठेवली आहे, पण रॅक-पिनियन स्टीअरिंगच्या झेन, जुनी अल्टो, सँट्रो, इंडिका यांचं कामही याच रीतीने होतं. पद्मिनीचं स्टीअरिंग बॉक्सचं. तिथे सांधे संख्येने जास्त, पण एकेका सांध्याची घडण हीच.

घडण आधी समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक चूक तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने होते. स्टीअरिंग फिरवलं की रॅकचा दांडा डावी-उजवीकडे सरकतो. रॅकच्या टोकाला रबरी भात्याच्या आत एक गोळीचा सांधा असतो, तो रॅक एंड. तिथून टाय रॉड बाहेर येतो आणि त्याच्या आट्यांवर बाहेरचा सांधा चढवलेला असतो, तो टाय रॉड एंड. गॅरेजात नुसतं ‘एंड’ म्हणतात. एंडच्या गोळीची दांडी म्हणजे स्टड. चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्यासोबत वळतं तो ओतीव भाग म्हणजे नकल. हा स्टड नकलच्या आर्ममधल्या भोकात बसतो. स्टड आणि भोक दोन्ही निमुळते असतात, आणि या निमुळतेपणालाच टेपर म्हणतात. वरचा कॅसल नट, म्हणजे पिनेसाठी खाचा असलेला नट, फक्त स्टडला भोकात ओढून घेतो. एकदा टेपर घट्ट धरला की सगळा भार दोन पृष्ठभागांमधलं घर्षण पेलतं. म्हणूनच जुना सांधा निघता निघत नाही, आणि म्हणूनच नवा नीट बसला नाही तर नट कितीही आवळा, तो आतून हलत राहतो.

नेमका कोणता सांधा गेलाय

स्टीअरिंग सरळ धरून, चाकं न हलवता, ते कितपत मोकळं फिरतं ते कडेला मोजा. ३० मिमीपर्यंत चालतं. त्यापलीकडे गेलं तर कुठेतरी चाल, म्हणजे सांध्यात ढिलाई, पडली आहे. ती कुठे, हे शोधायला दोन माणसं लागतात. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी ठेवा. एकाने स्टीअरिंग दोन्हीकडे जेमतेम चार बोटं झटक्याने हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली वाकून एंडवर बोटं अशी ठेवायची की अर्धं बोट एंडवर आणि अर्धं नकलच्या आर्मवर येईल. सांधा चांगला असेल तर दोन्ही एकदम हलतात. गेला असेल तर आधी एंड हलतो आणि मग आर्म, आणि मधली ‘टक्’ बोटालाच कळते. डोळ्यांपेक्षा बोटावर जास्त विश्वास ठेवा. रॅक एंडची परीक्षाही अशीच: भाता हाताने दाबून आतली गोळी चिमटीत पकडा आणि स्टीअरिंग हलवायला सांगा.

मग चाक उचलून ते घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी दोन हातांनी धरा आणि हलवा. इथे चाल लागली तर संशय टाय रॉडवर. बारा आणि सहाच्या जागी लागली तर खालचा बॉल जॉइंट (नकलला सस्पेन्शनच्या खालच्या आर्मशी जोडणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. या दोघांत निवाडा करायला दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर चाल नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब, म्हणजे चाकाचा मधला फिरणारा भाग, नकलला जखडला जातो. तरी राहिली तर सांध्याचा.

एक फसवी गोष्ट. पान्याच्या जबड्यात एंड वरून-खालून दाबल्यावर तो थोडा दबला, तर घाईने ‘गेला’ म्हणू नका. काही सांध्यांच्या आत गोळीखाली स्प्रिंग असते, ती दबणारच. आडवी चाल मात्र मुळीच चालत नाही. रबराचा बूट फाटलेला असेल तर चाल नसली तरी सांधा गेलाच समजा. आत धूळ आणि पाणी शिरलं की ग्रीसचा सहाणेवरचा लेप होतो आणि तो गोळीला घासून खातो.

साठ-सत्तरच्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग पाहा. टायरची एकच कड करवतीसारखी झिजली असेल आणि त्यावरून हात एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने खरखरीत जात असेल, तर टो, म्हणजे पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते माप, बिघडला आहे. पण सांध्यात चाल असताना अलाइनमेंट करून घेणं म्हणजे ढिल्या बिजागरीचं दार रंधून सरळ करण्यासारखं आहे. आधी सांधा, मग अलाइनमेंट.

सामान

सांधे दोन्ही बाजूंचे एकदम घ्या. एक आधी गेला तरी दुसऱ्यानेही तितकीच वर्षं काढलेली असतात; शिवाय अलाइनमेंटचे पैसे एकदाच जातात. रॅक एंडला चाल नसेल तर त्याला हात लावू नका.

पार्ट घेताना जुना एंड सोबत नेता आला तर उत्तम, नाहीतर गाडीचं साल आणि मॉडेल नीट सांगा. काउंटरवर ‘भिया, सेम टू सेम है’ ऐकू येईल. तरी चार गोष्टी तिथेच तपासा. आट्यांचं माप, स्टडच्या टेपरची जाडी, स्टडमधलं पिनेचं भोक आणि एंडची एकूण लांबी. स्टड बोटांनी हलवून पाहा: तो जोर लावून, लोण्यात फिरावा तसा सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. सहज लटकत असेल किंवा मधेच अडकत असेल तर परत करा. डब्यात नवा नट आणि नवी पिन आहे ना, हेही पाहा. जुन्या एंडचं झाकण ठोकून चाल कमी करून देणारे हात अजून सापडतात. त्याने सांधा आठवडाभर घट्ट राहतो आणि मग आधीपेक्षा वाईट होतो.

हत्यारांत लागतील: १७ आणि १९ चे पाने आणि गोटी, म्हणजे सॉकेट (कॅसल नट बहुतेक छोट्या गाड्यांत यांपैकीच एक असतो, पण आधी लावून पाहा), लॉक नटासाठी (टाय रॉडवर एंडला जखडणारा नट) योग्य मापाचा डबल पाना, पकड, वायर ब्रश, दोन हातोडे (एक किलोचा आणि त्याहून थोडा जड), बॉल जॉइंट पुलर, स्टीलची पट्टी किंवा व्हर्निअर, पांढरा रंग किंवा नखांना लावायची पॉलिश, गंज सोडवणारं तेल, एपी-३ ग्रीस. पुलर घरी नसला तर सियागंजात हत्यारांच्या दुकानांत मिळतो. घेताना जबड्यांतलं अंतर आपल्या आर्मवर बसेल का ते पाहा. फार जाड जबड्याचा पुलर ८०० च्या आर्म आणि बुटाच्या मध्ये शिरतच नाही.

गाडी उचलणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि माणसं इथेच जखमी होतात. गाडी सपाट आणि टणक जागेवर उभी करा. अंगणात कोटा फरशी असेल तर जॅकखाली दीड इंच जाडीची फळी ठेवा. गुळगुळीत कोट्यावर जॅक सरकतो आणि पातळ फरशी त्याच्या टोकाखाली तडकते. पावसाळ्यात मातीवर काम करूच नका. सकाळी घट्ट वाटणारी काळी माती भाराखाली तासाभरात दबते.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग उचलून गाडीच्या बॉडीच्या मजबूत कडेखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा आणि गाडीचं वजन घोडीवर सोडा. विटांचा थर लावू नका. वीट वरच्या भाराला वाकत नाही, ती सूचना न देता फुटते. पुढची दोन्ही चाकं उचलता आली तर जास्त बरं, स्टीअरिंग हलकं फिरतं. किल्ली घालून स्टीअरिंग लॉक सोडवून ठेवा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा; घोडी निसटलीच तर गाडी त्यावर येईल, तुमच्यावर नाही.

काढण्याआधी मोजायचं

आदल्या संध्याकाळी लॉक नट, कॅसल नट आणि बाहेर दिसणारे आटे वायर ब्रशने घासून त्यांवर तेल मारून ठेवा. रात्रभरात ते आत झिरपतं. ऐनवेळी मारलेलं तेल नुसतं खाली ठिबकतं.

आता माप. बरीच माणसं एंड काढताना फेरे मोजतात, ‘अठरा फेऱ्यांत निघाला’, आणि नवा अठरा फेऱ्यांत चढवतात. नव्या एंडची लांबी जुन्याएवढी असेल तरच हे चालतं. दुसऱ्या कंपनीचा एंड दोन-तीन मिमी लांब किंवा आखूड असणं मुळीच दुर्मिळ नाही. म्हणून टाय रॉडवर, लॉक नटाच्या मागे स्वच्छ जागी, रंगाची बारीक रेघ मारा. त्या रेघेपासून स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि कागदावर लिहा. समजा ते ११२ मिमी आलं. नवा एंड चढवताना तेच ११२ यायला हवं. फेरे मोजाच, पण ते पडताळ्यासाठी.

एवढा आग्रह का, ते आकड्यांत पाहा. आट्यांची पिच (एका फेऱ्यात एंड सरकतो ते अंतर) १.२५ मिमी आणि नकलचा आर्म ११-१२ सेंमी धरला, तर एंडच्या एका पूर्ण फेऱ्याने १४५/७० आर १२ टायरच्या कडेला साधारण साडेपाच मिमीचा फरक पडतो. टोची मुभा असते मोजक्या मिलिमीटरची. एक फेरा चुकला की गाडी ओढायला लागते, आणि अलाइनमेंटवाल्यापर्यंत पोचेतो टायरही घासला जातो.

सैल करणं

ज्या बाजूचा एंड काढायचा, त्याच्या उलट दिशेला स्टीअरिंग थोडं वळवा. ८०० सारख्या गाडीत रॅक चाकांच्या मागे असतो, त्यामुळे एंड बाहेर येतो आणि हात घालायला जागा होते. एंड अजून नकलमध्ये अडकलेला असतानाच लॉक नट सोडवायचा, कारण आत्ता टेपरने त्याला पकडून ठेवलंय. एकदा बाहेर आला की तो पान्यात घट्ट धरावा लागतो. एका पान्याने एंडची चपटी बाजू धरा, दुसऱ्याने लॉक नट फिरवा. फक्त पाव फेरा, जास्त नको. आटे उजवे आहेत की डावे ते बाहेर दिसणाऱ्या आट्यांकडे पाहून ठरवा. स्टीअरिंग बॉक्सच्या जुन्या गाड्यांत, जिथे मधोमध फिरवायची नळी असते, तिथे एका टोकाला हमखास डावे आटे असतात. उलट्या दिशेने जोर लावून लॉक नटाचे कोपरे गोल करून घेणं ही नेहमीची फजिती.

मग कॅसल नटाची पिन सरळ करून पकडीने ओढा. गंजून तुटली तर उरलेला तुकडा बारीक पंचाने मागून ठोका. नट वर आणा, पण पूर्ण काढू नका. तो स्टडच्या टोकाशी समतल होईल इतका ठेवा. टेपर सुटतो तेव्हा एंड उडी मारून खाली येतो. नट असला की तो तिथेच अडकतो, तुमच्या हातावर किंवा ब्रेकच्या होजवर आदळत नाही.

टेपर सोडवणं

पुलर असेल तर जबडे आर्मखाली घाला, स्क्रू नटासकट स्टडच्या टोकावर मधोमध येऊ द्या आणि आवळा. बऱ्याचदा तो आवळत जातो, आवळत जातो आणि काहीच होत नाही. तेव्हा आणखी जोर लावून पुलरचे आटे मारू नका. पुलर ताणलेलाच ठेवून आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे ज्यात स्टड बसलाय त्या कड्याच्या बाजूवर, हातोड्याचे दोन-तीन खणखणीत घाव घाला. बंदुकीसारखा आवाज होऊन एंड सुटतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच.

पुलर नसेल तर दोन हातोड्यांनी. जड हातोडा आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला टेकवून धरा, हलक्याने नेमक्या समोरच्या बाजूवर मारा. घावाने ओतीव कडं क्षणभर अंडाकृती होतं आणि टेपरची पकड मोडते. घाव कमी पण पूर्ण ताकदीचे हवेत. टिकटिक करून पन्नास मारले तरी काही होत नाही. स्टडच्या टोकावर वरून मारू नका. टोक फुलतं आणि नट निघत नाही. नकल ॲल्युमिनियमची असेल (जुन्या छोट्या गाड्यांत नसते, पण पाहून घ्या) तर हातोडा बंद, फक्त पुलर.

दोन दातांची पाचरीसारखी फोर्क काही जण वापरतात. तिने काम होतं, पण बूट हमखास फाटतो. एंड फेकायचाच असेल तर चालेल. नकल काढण्यासाठी एंड फक्त सोडवून बाजूला ठेवायचा असेल तर ती उचलूही नका. गॅसची ज्योत तर नकोच. आत बंद ग्रीस आणि रबर आहे, शेजारी ब्रेकची होज. सांधा गरम होऊन फुटला तर गोळी बाहेर उडते.

एंड खाली आला की तो टाय रॉडवरून फिरवत काढा आणि फेरे मोजा. टाय रॉडचे आटे वायर ब्रशने साफ करून त्यांवर ग्रीसचा पातळ हात द्या. पुढच्या वेळी हा एंड सोडवणारा माणूस, बहुधा तुम्हीच, त्याबद्दल दुवा देईल.

नवा बसवणं

आर्मचं निमुळतं भोक चिंधीने पुसून बोट फिरवून पाहा. आत खाच, घासलेली पायरी किंवा लंबगोल झालेला आकार जाणवला तर नवा एंड त्यात बसणार नाही. खात्रीसाठी नव्या स्टडच्या टेपरवर मार्करने उभ्या तीन-चार रेघा मारा, स्टड हाताने भोकात दाबून थोडा फिरवा आणि काढा. रेघा सगळ्या लांबीभर सारख्या पुसल्या गेल्या तर टेपर नीट बसतोय. फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या कडेला पुसल्या तर भोक बिघडलंय. अशा भोकात पत्र्याची पट्टी घालून एंड घट्ट करून देण्याचा जुगाड रस्त्यावर चालतो. ती पट्टी महिनाभरात चिरडते आणि स्टड भोकात ठकठकायला लागतो. पुढे तो मोडूही शकतो. नकल बदलणं हाच उपाय.

टेपर दोन्हीकडून कोरडा हवा. इथे ग्रीस लावायचं नाही, भलेही बाकी सगळीकडे लावत असाल. ग्रीस लागलेला टेपर नट आवळताना जास्त खोल सरकतो आणि घर्षणाची पकड कमी होते.

एंड टाय रॉडवर फिरवत चढवा, रेघेपासून स्टडच्या मध्यापर्यंतचं माप पूर्वीइतकं आणा. फेरे जुन्यापेक्षा एक-दोनने वेगळे आले तरी मापावर विश्वास ठेवा. स्टड आर्ममध्ये घाला, नट हाताने चढवा आणि आवळा. इथे बऱ्याचदा स्टडच नटाबरोबर गरगर फिरायला लागतो. टेपर अजून धरलेला नसतो म्हणून हे होतं. एंडच्या खालून टॉमी (लोखंडी सळई) किंवा लाकडाचा ठोकळा लावून त्याला वर दाबून धरा आणि नट आवळा. एकदा टेपरने पकडलं की फिरणं थांबतं. नायलॉनवाला नट असेल तर हे हमखास होतं. तिथे आधी साध्या नटाने स्टड ओढून बसवा, मग नायलॉनवाला नवा नट लावा. नायलॉनवाला जुना नट परत वापरायचा नाही.

कॅसल नट ३५ ते ५५ न्यूटन-मीटरमध्ये आवळायचा. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच घ्या. टॉर्क रेंच नसेल तर २५ सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला १६ ते १८ किलोचा जोर म्हणजे ४०-४५ न्यूटन-मीटर. आता नटाची खाच पिनेच्या भोकासमोर आली नाही, तर नट पुढेच आवळत न्या. पिन घालायला नट मागे सैल करणं ही या कामातली सगळ्यात घातक सवय आहे: खाच जुळते, पिन छान बसते, आणि टेपर मात्र मोकळा राहतो. नवी पिन घाला, एक पाय स्टडच्या टोकावर वाकवा, दुसरा खाली नटावर. पिनेऐवजी तार, खिळा किंवा जुनीच पिन सरळ करून घालू नका. एकदा वाकलेल्या पिनेचा पाय दुसऱ्यांदा वाकवताना मोडतो आणि तो कधी गळून पडला ते कळतही नाही.

लॉक नट शेवटी. आवळण्याआधी एंड हाताने पुढे-मागे फिरवून त्याच्या चालीच्या मधोमध आणा आणि पान्याने तसाच धरून ठेवा. नाहीतर लॉक नट आवळताना एंड एका बाजूला कलंडतो, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की बूट ताणला जातो आणि वर्षभरात फाटतो. एंडवर ग्रीस भरायचं निपल असेल तर ग्रीस गनने एपी-३ भरा, बूट थोडासा फुगेपर्यंतच. शिटी वाजेपर्यंत दाबलं तर बूटच निसटतो.

रॅक एंड आणि खालचा बॉल जॉइंट

रॅक एंड बदलायचा असेल तर भात्याचे क्लॅम्प काढून तो मागे सारा. आत वाकवलेल्या पत्र्याचा लॉक वॉशर दिसेल. त्याचे कान छिन्नीने सरळ करा. रॅकचा दांडा दुसऱ्या पान्याने धरूनच सांधा सोडवा, नाहीतर सगळा पीळ पिनियनच्या दातांवर जातो. लॉक वॉशर नवा, भाताही नवाच घाला. भाता चिरलेला ठेवून नवा रॅक एंड बसवला तर पहिल्या पावसात आत चिखल जातो.

खालच्या बॉल जॉइंटचा प्रकार वेगळा आहे, आणि धोकाही. टाय रॉड एंड निसटला तर एक चाक भरकटतं. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडून गाडी जमिनीवर बसते. सिमरोलच्या घाटात उतारावर हे होऊ नये म्हणून यात चाल दिसताच गाडी उभी करा. ८०० मध्ये त्याचा स्टड नकलच्या चिरलेल्या कड्यात आडव्या बोल्टने धरलेला असतो. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो स्टडवरच्या खाचेतून जातो. मग कड्याची चीर जाड छिन्नीने जरा फाकवली की स्टड खाली येतो. ८०० चा स्टॅबिलायझर बार खालच्या आर्मला पुढून धरून ठेवण्याचंही काम करतो, म्हणून पुढची दोन्ही चाकं उचलूनच हे करा. एकच उचललं तर बारचा ताण आर्मला खाली येऊ देत नाही. नवा स्टड बसवताना खाच बोल्टच्या भोकासमोर आली पाहिजे, बोल्ट ठोकून घालायची वेळ येता कामा नये. काही गाड्यांत हा जॉइंट आर्मसकटच येतो, काहींत बोल्टने, तर काहींत प्रेसने बसवतात. प्रेसवाला असेल तर आर्म काढून लेथवाल्याकडे न्या. हातोड्याने ठोकून बसवलेली बॉडी वाकडी जाते.

टो

घरी केलेलं माप अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट पोचण्यापुरतं असतं. चाकं चढवून गाडी खाली घ्या आणि चाकाचे नट आडवे-तिडवे, समोरासमोरचे, जमिनीवर आवळा. मग गाडी दोन-तीन वेळा पुढे-मागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन बसेल. स्टीअरिंग सरळ. दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधोमध खडूने खूण करा आणि दोन्ही खुणांमधलं अंतर टेपने मोजा. मग गाडी पुढे ढकला, त्याच खुणा पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर येईपर्यंत, आणि पुन्हा मोजा. टायरची तीच जागा दोनदा मोजल्यामुळे रिम वाकडी असली तरी माप फसत नाही. पुढचं अंतर कमी आलं तर टो-इन, जास्त आलं तर टो-आउट. रॅक चाकांच्या मागे असेल तर टाय रॉड लांब केल्याने टो-इन वाढतो. रॅक पुढे असलेल्या गाडीत बरोबर उलटं. फेरफार दोन्ही बाजूंना सारखा करा, पाव-पाव फेऱ्याने, नाहीतर गाडी सरळ जाईल पण स्टीअरिंग वाकडं दिसेल.

चाकाचे नट आडवे-तिडवे, समोरासमोरचे, जमिनीवर आवळा. मग रिकाम्या रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने चालवून पाहा. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप मध्यावर येतं का, दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर काही अडकतं का, खड्ड्यात ‘टक्’ राहिलीय का. ‘टक्’ राहिली असेल तर स्टॅबिलायझरच्या बुशांकडे आणि शॉकच्या वरच्या माउंटकडे वळा. जुन्या गाडीत दोन-तीन आवाज एकमेकांच्या आड लपलेले असतात.

अलाइनमेंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा आणि नव्या एंडचं सांगा. तिथे टाय रॉड फिरवताना भाता सोबत पिळला जातो आणि तसाच राहतो. घरी येऊन खाली वाकून पाहा. पिळला असेल तर बाहेरचा क्लॅम्प सैल करून सरळ करा. लॉक नटाला पाना लावून तो खरंच आवळलाय ना तेही बघा. घाईच्या वेळी तो फक्त हाताने टेकवून सोडलेला निघतो. शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा आवळा आणि पिनेचे पाय जागेवर आहेत का पाहा. तेलकट चिंध्या नाल्यात टाकू नका, सकाळच्या कचरागाडीत घरगुती धोकादायक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. जुने एंड भंगारवाला आनंदाने नेतो.